संगणकातील दोष : दुरुस्ती चिपमध्ये की प्रणालीत?

आजचा प्रोसेसर पुढे कोणती आज्ञा येईल याचा अंदाज बांधून काम आधीच उरकून ठेवतो. अंदाज चुकला तर काम रद्द होते, पण त्याच्या खुणा कॅशमध्ये राहतात. वेळ मोजून त्या खुणांवरून गुप्त माहिती काढता येते. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेले मेल्टडाऊन व स्पेक्टर हे दोष असेच.

मेल्टडाऊनसाठी लिनक्सने कर्नल व वापरकर्त्याचा प्रोग्राम यांची पेज टेबले वेगळी केली. उपाय पक्का, पण प्रत्येक सिस्टिम कॉलला टेबल बदलावे लागते. त्यामुळे डेटाबेससारखी, सतत कर्नलकडे धाव घेणारी कामे मंदावली. नुसती आकडेमोड करणाऱ्यास फारसे जाणवले नाही. इंटेलच्या २०१९ च्या कॅस्केड लेक चिपमध्ये हा दोष मुळातच काढला गेला. येथे हार्डवेअरचा उपाय उघडच सरस.

स्पेक्टरचे तसे नाही. त्याचा पहिला प्रकार नव्या चिपमध्येही उरतो. कोडमध्येच जागोजागी अडसर घालावा लागतो. दुसऱ्यासाठी गूगलने रेटपोलीन ही युक्ती काढली, पण २०२२ मध्ये रेटब्लीडने काही चिपांवर तीही तोकडी ठरवली.

मग जुना संगणक टाकून द्यावा काय? घाई नको. लिनक्सवरील ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा प्रत्येक दोषाची स्थिती सांगते, ती आधी पाहावी. वेग वाढावा म्हणून हे उपाय बंद करा, असा सल्ला पुष्कळ जण देतात. ज्या यंत्रावर ब्राउझर उघडतो, बँकेचे व्यवहार करतो, तेथे तो मुळीच मानू नये. इंटरनेटला न जोडलेल्या, केवळ स्वतःचाच कोड चालवणाऱ्या यंत्रापुरता विचार करता येईल.