खुराडे रिकामे का होते?

पाड्यावरच्या घरात कोंबडी म्हणजे हाताशी असलेली रोकड. मुलांची वह्या-पुस्तके, दवाखान्याला जाण्याचे भाडे, आलेल्या पाहुण्याचे जेवण हे तिच्यावर भागते. हा पैसा बहुतेक घरी बाईच्या हातात असतो. खुराडे रिकामे झाले की कोणी नशिबाला दोष देतो, कोणी लगेच बाजारातून नवी पिल्ले आणतो. मग तीही त्याच खुराड्यात, त्याच कारणाने मरतात. म्हणून आधी तीन गोष्टी आठवाव्यात : कोणत्या वयाचे पक्षी गेले, किती दिवसांत गेले, आणि मेलेले पक्षी सापडले का?

पक्षी सापडतच नाहीत

रोज एक-दोन कमी होतात, पण आजारी कोणी दिसत नाही. हे काम मुंगूस, रानमांजर, साप किंवा घुशीचे. खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच खांबांवर घ्यावे. फटी बुजवून खिडकीला अर्ध्या इंचाची जाळी लावावी. दिवसा पिल्ले नाहीशी होत असतील तर घारीवर लक्ष ठेवावे आणि लहान पिल्ले डालग्याखाली झाकावीत.

पहिल्या महिन्यातच पिल्ले मरतात

गावठी कोंबडी आपल्या पिल्लांना पंखाखाली ऊब देते. गिरिराज, वनराज यांची विकत आणलेली पिल्ले आईविना असतात. त्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीन अंशांनी कमी करावी. तापमापक नसला तरी पिल्लांकडे पाहून कळते. एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी वाजते आहे. चोची उघड्या ठेवून दिव्यापासून दूर पळाली तर उष्णता जास्त आहे. सगळीकडे सारखी पसरली तर ऊब बरोबर आहे. बंद खोलीत शेगडी ठेवू नये, धुराने पिल्ले गुदमरतात.

सकाळी उग्र वास येतो

खुराडे उघडताच डोळे चुरचुरले तर आत हवा खेळत नाही आणि तूस ओले आहे. अशा ओलीत पिल्लांना रक्ती हगवण लागते. एका मोठ्या पक्ष्याला रात्रीपुरती एक चौरस फूट जागा हवी. त्याहून दाटी करू नये. भाताचे तूस रोज हलवावे, ओले झालेले काढून कोरडे घालावे. हगवणीत रक्त दिसले तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणावे.

कोंबड्या आत शिरत नाहीत

संध्याकाळी झाडावर बसतात, तुरा फिका पडतो, अंडी घटतात. रात्री बॅटरी घेऊन लाकडाच्या फटी पाहाव्यात. बारीक लाल गोचीड दिवसा तिथे लपतात आणि रात्री रक्त पितात. जुने तूस जाळावे, फटी लिंपाव्यात, भिंतींना चुना लावावा. कोंबड्यांना अंगावर घ्यायला कोरडी राख ठेवावी. मात्र कोंबडी खुडूक बसली किंवा पिसे झडत असली तर अंडी थांबणारच. तो रोग नव्हे.

आठवड्याभरात सगळे खुराडे साफ होते

हिरवट-पांढरी हगवण, धाप, लुळा पडलेला पाय किंवा पंख, वाकडी झालेली मान ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणे. यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात. पुढच्या मात्रा पशुवैद्यकांना विचारून द्याव्यात. लस बर्फातच आणावी, सकाळी लवकर द्यावी आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी. आजारी पक्ष्याला ती देऊ नये.

अडचण अशी की लसीची एक कुपी सहसा शंभर पक्ष्यांची असते आणि एका घरी असतात आठ-दहा कोंबड्या. एका घरासाठी कुपी फोडायला कोणी तयार होत नाही, आणि एकट्याने लस दिली तरी शेजारच्या खुराड्यात रोग राहतोच. म्हणून बचत गटाच्या बैठकीत घरोघरची पिल्ले मोजावीत, एक दिवस ठरवावा आणि सगळ्या पाड्याने एकाच सकाळी लस द्यावी.

बाजारातून आणलेला पक्षी पंधरा दिवस वेगळा ठेवावा. मर लागलेली कोंबडी विकू नये, खाऊ नये, नाल्यात टाकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. तिला उघड्या हातांनी शिवू नये. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो 2006 साली आपल्याच आदिवासी भागात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला. तेव्हा एकाएकी बरेच पक्षी मेले तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. पाड्यावर लस टोचून होईपर्यंत नवी पिल्ले आणू नयेत.