पाणी मुरायला जागा कुठे आहे? ‘स्पंज सिटी’ आणि आपल्या वस्त्या

मुंबई तुंबली की टीव्हीवर हिंदमाता दिसतो, मिलन सबवे दिसतो. नाल्याकाठची वस्ती दिसते ती भिंत कोसळली किंवा माणूस वाहून गेला तरच. आपले असंख्य बांधव अशाच ठिकाणी राहतात. कुणी नाल्याला लागून, कुणी खाडीच्या भरावावर, कुणी डोंगराच्या पायथ्याशी. ही जागा कुणी हौसेने निवडलेली नाही. गावात वेशीबाहेरची जमीन वाट्याला आली, शहरात सखल भागातली आली. म्हणून शहरातला पूर हा विषय आपण केवळ पर्यावरणवाद्यांवर सोडून चालणार नाही. तो घरांचा, आरोग्याचा आणि हक्काचा विषय आहे.

आधी एक साधा हिशोब समजून घेऊ. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमा होते. म्हणजे १०० मिमी पावसात एका हेक्टरवर १० लाख लिटर. तिथे माती, गवत, झाडे, तळे असेल तर बरेचसे पाणी मुरते किंवा थबकते आणि उरलेले सावकाश वाहते. तीच जमीन काँक्रीट, डांबर आणि घट्ट बसवलेल्या पेव्हर ब्लॉकने झाकली की जवळजवळ सगळे पाणी काही मिनिटांत उताराकडे धावते. उताराला कोण राहते, हे आपल्याला माहीत आहे.

शहर आखणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट शिकवली गेली. पाणी लवकरात लवकर गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून समुद्रात. मुंबईची इंग्रजांच्या काळातली पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिमी पावसाचा हिशोब धरून बांधलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. राज्यभरात हजारापेक्षा जास्त माणसे गेली. वाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिमीपर्यंत वाढवा, असे सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ पासून पालिकेकडे होता, पण कामाला खरा वेग आला तो माणसे मेल्यावर. त्यानंतर नाले रुंद झाले, पंपिंग स्टेशने उभी राहिली. त्याचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवे. पण समुद्राला मोठी भरती असते तेव्हा पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येऊ पाहते. त्या वेळी पावसाचा जोर असेल तर नळी कितीही मोठी असली तरी पाण्याला थांबायला जागा लागतेच.

ती जागा होती. मिठी नदीच्या मुखाजवळची पाणथळ आणि खारफुटीची जमीन भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. विमानतळाच्या धावपट्टीखालून नदी वळवून नेली. मग २००५ नंतर चर्चा कशाची झाली? मिठीकाठच्या झोपड्यांची. झोपड्यांचा कचरा आणि अतिक्रमण यांनी नदी अरुंद केली, हे खोटे नाही. पण भराव घालण्याची परवानगी झोपडीवाल्याने दिली नव्हती.

आता ‘स्पंज सिटी’कडे येऊ. हा शब्द चीनमधून जगभर पोचला. भूदृश्य रचनाकार यू कोंगजिआन हे त्यामागचे मोठे नाव. झेजिआंग प्रांतातल्या एका खेड्यात वाढलेला हा माणूस हार्वर्डमध्ये शिकला आणि परत जाऊन सांगू लागला की पुराशी काँक्रीटच्या भिंतींनी लढू नका, पाण्याला उगमाजवळ धरा, वाटेत त्याचा वेग कमी करा आणि शेवटी त्याच्यासाठी जागा सोडा. खेड्यातला शेतकरी बांध, तळी आणि चर वापरून हेच करत आला, असे त्यांचे म्हणणे होते. हार्बिन शहरातल्या छुनली भागात ३४ हेक्टरची पाणथळ जागा भोवतालच्या बांधकामांमुळे सुकत चालली होती. त्यांनी तिचा मधला भाग जसाच्या तसा ठेवला, कडेने खड्डे आणि उंचवटे करून तळ्यांची माळ तयार केली आणि आजूबाजूच्या नव्या वस्तीचे पावसाचे पाणी त्यात सोडले. पाणी गाळून आत जाते, पाणथळ जिवंत राहते आणि लोकांना बाग मिळते. यू कोंगजिआन यांचे सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये विमान अपघातात निधन झाले.

बीजिंगला जुलै २०१२ मध्ये मोठा पूर आला, त्यानंतर सरकारने हा विचार धोरण म्हणून उचलला. २०१५ मध्ये १६ आणि पुढच्या वर्षी आणखी १४ शहरे प्रायोगिक म्हणून निवडली गेली. २०३० पर्यंत शहरी क्षेत्राच्या ८० टक्के भागात ७० टक्के पाऊस जागेवरच धरायचा, असे उद्दिष्ट ठेवले.

पण यात चमत्कार नाही. झेंगझोऊ हे शहरही स्पंज सिटीच्या कामात होते. २० जुलै २०२१ रोजी तिथे एका तासात २०१.९ मिमी पाऊस पडला. भुयारी मेट्रोत पाणी शिरून १४ प्रवासी दगावले आणि शहरात शेकडो बळी गेले. बागा आणि सच्छिद्र पदपथ रोजच्या व मध्यम पावसाचा भार कमी करतात. असा पाऊस आला तर वेळेवर इशारा देणे, मेट्रो थांबवणे, माणसे हलवणे हेच जीव वाचवते. कोपनहेगनने हा धडा वेगळ्या रीतीने घेतला. २ जुलै २०११ रोजी तिथे ढगफुटीसारखा पाऊस झाला. पुढच्याच वर्षी शहराने आराखडा केला आणि काही रस्ते, मैदाने व चौक असे आखायला घेतले की एरवी ती मुलांच्या खेळाची जागा आणि अतिवृष्टीत काही तासांचे तळे. मुंबईत हिंदमाताच्या पाण्यासाठी जवळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या गेल्या, तो याच जातीचा उपाय, फक्त जमिनीखालचा आणि महागडा.

बाबासाहेबांचे नाव अशा लेखात ओढूनताणून आणायची गरज नाही, कारण ते या विषयात आधीच आहेत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज त्यांच्या खात्यात होती. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातल्या नद्यांविषयी परिषद झाली. तिथे त्यांनी आधीच्या पूर समित्यांची दिशाच चुकीची ठरवली. जास्तीचे पाणी म्हणजे संकट आणि ते नीट समुद्रात सोडले की काम झाले, ही समजूत त्यांनी नाकारली. पाणी ही संपत्ती आहे, तिची वाटणी निसर्गाने असमान केली आहे, म्हणून ती वाया न घालवता साठवली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचा उपाय मोठी धरणे होता, शहरातली तळी नव्हे. धरणांविषयी आज वेगळे प्रश्न आहेत आणि ते विचारायला हवेत. पण पाणी घालवायचे की धरायचे, हा वाद त्यांनी ८० वर्षांपूर्वी नेमका पकडला होता.

आणि थोडे आणखी मागे जाऊ. कान्हेरीला आपण वंदनेला जातो, फोटो काढतो. पुढच्या वेळी लेण्यांच्या दाराशी असलेली पाण्याची टाकी आणि खडकात कोरलेल्या पन्हाळी नीट पाहा. शंभराहून अधिक लेणी, वर उघडा कातळ, वर्षातले आठ महिने कोरडे. भिक्खू संघाने डोंगरावर पडणारा पाऊस टाक्यांमध्ये वळवून साठवला. या टाक्यांना तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे, आणि पोढी खोदून देणे हे दान म्हणून कोरून ठेवले आहे. मुंबईतले पाणी जागेवर धरणारे सर्वात जुने नियोजन बौद्ध विहारांचे आहे.

आजचा पेच मात्र वेगळा आहे. दाट वस्तीत इंचभर माती मोकळी नसते. तिथे ‘पाणी मुरवा’ म्हणणे म्हणजे थट्टा आहे. पाणी धरायचे ते वरच्या अंगाला, म्हणजे टॉवरच्या पोडियमवर, मॉलच्या पार्किंगमध्ये, सरकारी कार्यालयांच्या आवारात, शाळांच्या मैदानांवर. ज्याने आपल्या भूखंडावर एक थेंब मुरू दिला नाही, त्याने आपले पाणी खालच्या वस्तीवर ढकलले आहे. आम्हाला तरी हा सरळ अन्याय दिसतो. नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, पण पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर ते खड्डे चालू आहेत का, हे कोण तपासते?

दुसरा धोका आपल्या अगदी अंगावर येणारा आहे. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि काठच्या वस्त्यांत माणसे मेली. जून २०२१ मध्ये भर कोरोनात त्याच ओढ्याकाठची घरे पाडायला बुलडोझर आले, लोक रस्त्यावर उतरले आणि कारवाईला स्थगिती मिळाली. ओढ्याला जागा हवी, हे खरे आहे. पण ती जागा फक्त गरिबाच्या घरातून काढायची आणि त्या ठिकाणी नदीकाठ सुशोभीकरण करायचे, अशी ‘स्पंज सिटी’ आपल्याला नको. पुनर्वसन आधी, जवळच आणि लेखी, मगच घर हलेल, ही अट आराखड्यातच घालून घ्यावी लागेल. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा आपल्या संघटनांचे अर्ज क्वचितच दिसतात. बिल्डरांचे असतात.

कामाला सुरुवात विहारापासून करता येईल. १०० चौरस मीटर छताच्या विहारावर ५० मिमीच्या एका सरीत ५ हजार लिटर पाणी पडते. पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून द्यावे, नंतरचे गाळून टाकीत घ्यावे, टाकीचे जादा पाणी शोषखड्ड्यात सोडावे. शोषखड्डा शौचालयाच्या टाकीजवळ किंवा भिंतीच्या पायाला लागून खणू नये. डोंगरउतारावरच्या वस्तीत तर खणूच नये, कारण मुरलेल्या पाण्याने दरड सैल होते. काळी माती असेल तिथे पाणी फार हळू मुरते, म्हणून आधी दोन फुटांचा खड्डा खणून बादलीभर पाणी ओतावे आणि ते किती वेळात जिरते ते घड्याळ लावून पाहावे. हे सगळे मे महिन्यात करायचे. त्याच महिन्यात वॉर्ड ऑफिसात माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाकावेत. एक आपल्या नाल्यातून किती गाळ काढला आणि कुठे टाकला याचा, दुसरा नाल्याच्या वरच्या अंगाला गेल्या पाच वर्षांत किती भूखंडांना बांधकाम परवानगी दिली आणि त्यातल्या किती ठिकाणी पर्जन्यजल संधारणाची तपासणी झाली याचा.