गुडघा 'बरा झाला' म्हणजे काय झाले?

विजयदुर्गचा किल्ला पाहून परतताना बरोबरच्या शिक्षकांनी एक प्रश्न विचारला. त्यांच्याकडचा बारावीतला एक मुलगा कबड्डीत चढाई करताना गुडघ्यात पिरगळला. अस्थिबंध तुटला होता, शस्त्रक्रिया झाली. त्याला आता तीन महिने झाले. सूज नाही, दुखणे नाही, पायऱ्या भराभर चढतो. सामने तोंडावर आलेले. "मुलगा म्हणतो, खेळतो. घरचे म्हणतात, जन्मात नाही. सर, खरे कोणाचे?"

उत्तर देण्याआधी गुडघ्यात डोकावू या. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना सांध्याच्या आत बांधून ठेवणारे दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे छेदतात. त्यांतला पुढचा, म्हणजे ए.सी.एल., नडगी पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याचे पिरगळणे आवरतो. काथ्याच्या दोरीत जसे असंख्य धागे, तसे त्यात कोलॅजन या प्रथिनाचे धागे असतात. तो पूर्ण तुटला की सहसा नीट जुळत नाही. म्हणून शल्यविशारद बहुधा रुग्णाच्याच मांडीमागची किंवा वाटीखालची कंडरा घेतात आणि दोन्ही हाडांत बोगदे पाडून तिथे ओवतात.

खरी गंमत इथून सुरू होते. मूळ जागेवरून काढलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तिच्यातल्या बऱ्याच पेशी मरतात. मग आजूबाजूने नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी आत शिरतात, जुने धागे मोडतात व नवे विणतात. जुनी दोरी उसवली आहे, नवी अजून वळली गेलेली नाही, असा हा काळ. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास हा बदली अस्थिबंध शस्त्रक्रियेच्या दिवशी होता त्याहूनही कमजोर असतो. आणि नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते! वेदना नसणे हा बळकटीचा पुरावा नव्हे. विणकाम पुढे वर्षभर, कधी त्याहूनही अधिक चालते.

मग वर्षभर पाय हलवूच नये का? तसेही नाही. धागे विणणाऱ्या पेशींना ताण जाणवतो. ताण ज्या दिशेने, त्या दिशेने त्या धागे रचतात. १९७० च्या दशकात फ्रँक नॉईस यांनी माकडांचे पाय आठ आठवडे प्लास्टरमध्ये ठेवून पाहिले. न दुखावलेला अस्थिबंधही सुमारे ४० टक्के कमी भारात तुटू लागला, आणि ती ताकद भरून यायला बरेच महिने लागले. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड शेलबोर्न यांचा अनुभव तर मासलेवाईक आहे. सांगितल्यापेक्षा लवकर पाय वापरणाऱ्या 'बेशिस्त' रुग्णांचेच गुडघे अधिक चांगले वळतात, असे त्यांना आढळले. त्यांनी आपली पद्धतच बदलली आणि १९९० मध्ये ती प्रसिद्ध केली. तेव्हापासून पहिल्याच दिवसांत गुडघा पूर्ण सरळ करणे, मांडी आवळणे आणि कुबड्यांच्या आधाराने पायावर भार देणे ही रीत रुळली.

मांडीच्या पुढच्या स्नायूचीही एक अडचण असते. सांध्याला सूज असली की त्या स्नायूला जाणारे आदेश मज्जासंस्थाच कमी करते आणि मांडी झपाट्याने वाळते. दोन्ही मांड्यांचा घेर वाटीपासून सारख्याच अंतरावर टेपने मोजला, तर फरक वर्गातही दाखवता येईल. हा स्नायू भरून काढायला नियमित व्यायामच लागतो: आधी स्थिर सायकल व अर्ध्या बैठका, तीन-चार महिन्यांनंतर सरळ रेषेत धावणे, मग उड्या आणि सर्वांत शेवटी अचानक वळणे.

सांगलीची क्रिकेटपटू स्मृती मानधना हिचा ए.सी.एल. जानेवारी २०१७ मध्ये तुटला. त्याच वर्षी जूनमध्ये विश्वचषकात तिने इंग्लंडविरुद्ध ९० आणि वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. पण तिच्यामागे रोजची तज्ज्ञ देखरेख होती, आणि क्रिकेटमध्ये कोणी पाय धरून ओढत नाही! नॉर्वेतील २०१६ च्या एका अभ्यासात दिसले, की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवावे, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा धोका सुमारे निम्म्याने घटतो. तरुण खेळाडूंमध्ये तर खेळात परतल्यावर चार-पाचांतल्या एकाचा हा किंवा दुसऱ्या पायाचा अस्थिबंध पुन्हा तुटतो.

म्हणून त्या शिक्षकांना म्हटले, "दोघांचेही अर्धे खरे. यंदाचे सामने नकोत. पण व्यायाम आजही हवा. निदान नऊ महिने होऊ द्या. मग त्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांवर आली का, ते फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. तोवर त्याला गुणलेखक करा, संघाबरोबर ठेवा."

मैदानाबाहेर बसलेल्या मुलाला आपण संघातच आहोत असे वाटले, तर तो थांबायला तयार होतो. हे काम मात्र डॉक्टरांचे नाही, शिक्षकांचे आहे.