नाताळची चांदणी आणि मुलांचे हात

डिसेंबरचा गारवा उतरू लागला, की गोव्याच्या खेड्यांतील ख्रिस्ती घरांना नाताळचे वेध लागतात. बाल्कांवात बांबूच्या कामट्या येऊन पडतात, खळीचे भांडे चुलीवर चढते आणि रंगीत पतंगी कागदांभोवती मुलांचा घोळका जमतो. पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना बाळ येशूची वाट दाखविणाऱ्या ताऱ्याचे वर्णन मत्तयाच्या शुभवर्तमानात आले आहे. दारावर टांगली जाणारी पाच टोकांची चांदणी हे त्याच ताऱ्याचे प्रतीक होय.

या चांदणीची विद्या हिंदू शेजाऱ्याला परकी नाही. दिवाळीचा आकाशकंदील त्याच कामट्यांचा, त्याच कागदाचा आणि त्याच खळीचा. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीपर्यंत नरकासुराचा सांगाडा बांधण्यात गढून गेलेल्या गोमंतकीय मुलांना गाठ कशी मारावी आणि कागद कसा ताणावा, हे निराळे शिकवावे लागत नाही. सण वेगळे असले, तरी हातांचे वळण एकच असते.

चांदणीसाठी सारख्या लांबीच्या दहा कामट्या लागतात. बांबू चिरणे आणि कडा तासणे ही कामे मोठ्या माणसांनीच करावी. पुढचे बहुतेक सारे मुलांवर सोपवावे. कामटी ६० सेंटिमीटर लांब असेल, तर दोन्ही टोकांपासून सुमारे २३ सेंटिमीटरवर एकेक खूण करावी. मग पाच कामट्या टोकाला टोक मिळवून अशा मांडाव्या, की प्रत्येकीच्या दोन्ही खुणांवर दुसऱ्या कामट्या तिला छेदून जातील. एकीवरून व एकीखालून ओवल्या, म्हणजे सांगाडा डळमळत नाही. पाचही टोके दोऱ्याने बांधली, की एक तारा तयार होतो. तसाच दुसरा करून पहिल्यावर ठेवावा आणि दोहोंची टोके एकत्र बांधावी. शेवटी आतील पाच छेदांपाशी सुमारे १० सेंटिमीटरचे पाच तुकडे दोन ताऱ्यांच्या मध्ये उभे बसवावे. सपाट आकृती तत्काळ फुगते आणि तिला पोट येते. मुलांच्या दृष्टीने साऱ्या कामातला हाच परमानंदाचा क्षण!

कागद चिकटविताना घाई नडते. प्रत्येक अंगाचे पाच त्रिकोण व मधला पंचकोन, शिवाय दोन ताऱ्यांमधील दहा चिंचोळ्या फटी, असे एकूण २२ तुकडे भरतात. प्रत्येक तुकडा दोन सेंटिमीटर जादा कापावा आणि ती कड कामटीवर दुमडून खळीने चिकटवावी. एक फट मात्र दिव्यासाठी मोकळी ठेवावी. कागदाच्या पोटात मेणबत्ती किंवा पणती कधीही ठेवू नये. फारसा न तापणारा लहान एलईडी दिवा उत्तम, आणि विजेची जोडणी मोठ्यांनीच करावी.

कामटीवर खुणा करणारे मूल नकळत भूमिती शिकत असते. २३ सेंटिमीटरचा टोकाकडील भाग आणि १४ सेंटिमीटरचा मधला भाग यांचे प्रमाण सुमारे १.६ येते, आणि कामटी लहान घ्या वा मोठी, ते बदलत नाही. खूण चुकली, की तारा वाकडा होतो. चूक कोणी दाखवून द्यावी लागत नाही. जर्मनीच्या साक्सनी प्रांतातील मोरेव्हियन पंथीयांनी हे मर्म एकोणिसाव्या शतकातच ओळखले होते. त्यांच्या निवासी शाळांत भूमितीचा पाठ म्हणून मुलांकडून कागदी तारे करून घेत. त्यांतूनच २५ टोकांचा प्रसिद्ध हेर्नहुट तारा जन्मास आला; त्याची १७ टोके चौकोनी पायाची, तर ८ त्रिकोणी पायाची असतात.

चांदणीखाली गोठ्याचा देखावा उभा राहतो. इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये जिवंत बैल व गाढव आणून असा देखावा मांडला होता. गोव्यात मुले त्यासाठी माती आणि गवत गोळा करतात, आणि काही दिवस आधी नाचणी पेरून तिच्या कोवळ्या रोपांचे हिरवे शेत गोठ्यापुढे डोलवितात.

आज बाजारात प्लास्टिकच्या तयार चांदण्या स्वस्तात मिळतात. त्या पावसाला भीत नाहीत आणि वेळही वाचवितात. परंतु वाचलेला वेळ मुलाच्या पदरात काय टाकतो, याचा विचार आईबापांनी अवश्य करावा. कामट्या ओवण्याची ही विद्या पुस्तकापेक्षा हातातून हाती जात आली आहे. एका पिढीने ती सोडली, तर पुढच्या पिढीला शिकविणारे कोण उरणार? म्हणून मुलाची चांदणी थोडी तिरपी झाली, तरी ती रात्री गुपचूप उसवून नीट करण्याचा मोह वडीलधाऱ्यांनी आवरावा. दारावर तीच टांगावी. तिरपे टोक कसे सरळ करावयाचे, हे पुढच्या वर्षी कामट्या हाती घेताना ते मूलच आपणहून सांगेल.