गोळी जेवणाआधी अर्धा तास

जुलाबाची गोळी जुलाब लागल्यावर घ्यायची, ही आपली घरोघरची रीत. आतड्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ती लागू पडत नाही. त्याला लोपेरामाइड बहुतेक वेळा जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं, पोट शांत असतानाच. हे नीट सांगितलं गेलं नाही, तर पेशंट चार वेळा संडासला जाऊन दमल्यावर गोळी घेतो आणि ‘हिचा काही उपयोग नाही’ म्हणून मोकळा होतो.

अन्न जठरात पडलं की मोठं आतडं आपोआप हलू लागतं. सकाळच्या चहाचा कप रिकामा व्हायच्या आत ज्यांना उठावं लागतं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. एरवी ही घाई गुदाशय सांभाळून घेतो. मल तिथे थांबतो आणि आपण सोयीची वेळ बघतो. कॅन्सरमुळे गुदाशयच काढला असेल, तर वरचं आतडं खाली ओढून जोडलेलं असतं. ते तेवढं ताणलं जात नाही, साठवत नाही. मग लागोपाठ चार-चार वेळा जावं लागतं. गोळीचा अंमल अन्नाच्या आधी बसलेला हवा, तो यासाठी.

बेल्जियमच्या यान्सेन कंपनीत १९६९ साली तयार झालेलं लोपेरामाइड अफूच्या कुळातलं. अफूने पोट बांधलं जातं हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं; अडचण होती ती नशेची. नेहमीच्या मात्रेत हे औषध मेंदूत टिकत नाही, तिथल्या रक्तवाहिन्यांमधली प्रथिनं त्याला बाहेर ढकलतात. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंना मात्र ते संथ करतं. मल सावकाश सरकतो, पाणी शोषायला वेळ मिळतो, गुदद्वाराचा स्नायूही थोडा आवळून राहतो. गोळी २ मिलिग्रॅमची; कमीपासून सुरुवात करून बेताने वाढवायची. दिवसाला १६ मिलिग्रॅमच्या वर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये. भलत्या मात्रेत हृदयाचे ठोके बिघडतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिला आहे. ताप, मलात रक्त किंवा पोटफुगी असेल तर गोळी बाजूला, आधी डॉक्टर.

पण सगळेच जुलाब या घाईचे नसतात. आपल्याकडे आतड्याचा टीबी अजून दिसतो आणि तो बऱ्याचदा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला धरतो. तिथे आतडं अरुंद होऊन अन्न अडू लागलं की तो तुकडा काढावा लागतो. नेमकं हेच टोक यकृतातून आलेली पित्ताम्लं परत शोषून घेत असतं. ते गेलं की पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे पाणी सुटतं. इथे कोलेस्टिरामिनची पावडर कामी येते, ती पित्ताम्लांना धरून ठेवते. फक्त ती इतर औषधांनाही धरते. म्हणून थायरॉइडची किंवा रक्त पातळ करणारी गोळी पावडरच्या तासभर आधी, नाहीतर चार ते सहा तासांनंतर घ्यायची.

या टोकाचं साधारण मीटरभराहून जास्त आतडं काढलं असेल, तर मात्र सगळं उलटतं. आता पित्ताम्लंच कमी पडतात, चरबी पचत नाही, मल तेलकट होतो. पावडरने तो आणखी बिघडतो. ‘किती सेंटिमीटर काढलं’ हा आकडा त्यामुळे औषधाच्या नावाइतकाच मोलाचा. आणि नेमका तोच कागद फाइलच्या तळाशी जातो!

लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून पिशवी लावलेली असेल आणि ती सारखी भरत असेल, तर ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला अंगलट येतो. साधं पाणी आतड्यात शरीरातलं मीठ ओढून घेतं. डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात केलेलं मीठ-ग्लुकोजचं पाणी घोट घोट घ्यावं लागतं. पिशवी रिकामी करताना आतही बघावं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तिथे तशाच पडलेल्या दिसतात. कधी ते नुसतं रिकामं टरफल असतं. पण आतलं औषध शाबूत दिसलं, तर ती गोळी अंगी लागलेलीच नाही. डॉक्टरांना सांगून तिचा साधा, लवकर विरघळणारा प्रकार लिहून घ्यावा.