मनोऱ्यावरील केबलला लहरींची बाधा
हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातील दुकानात साधी नेटवर्क केबल सहसा विनातक्रार चालते. तीच केबल कॅमेऱ्यासाठी एफएम मनोऱ्यावर चढवली, की जोडणी तुटू लागते. गिगाबिट केबलच्या प्रत्येक जोडीतून सेकंदाला १२.५ कोटी स्पंद धावतात. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या एफएम लहरी त्यांच्याच पट्ट्यात घुसतात. पीळ दिलेल्या दोन तारा एरवी असा गोंगाट परस्पर छेदून टाकतात. अँटेनाशेजारी मात्र तो इतका तीव्र असतो, की पीळ अपुरा पडतो. म्हणून धातूचे आवरण असलेली केबल, त्या आवरणाचे चोख अर्थिंग आणि दोन्ही टोकांना फेराइटच्या कड्या आवश्यक ठरतात. नुसती महागडी केबल घेऊन अर्थिंग विसरणे म्हणजे पैसे पाण्यात.

धारवाड आकाशवाणी ७६५ किलोहर्ट्झवर, तर पणजी १२८७ वर ऐकू येते. अशा मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात बहुधा अख्खा मनोराच अँटेना असतो आणि तो जमिनीपासून विलग ठेवलेला असतो. तेथे तांब्याची तार थेट वर नेणे धोक्याचे. ऑप्टिकल फायबरच हवी. फायबरमधून वीज मात्र जात नाही. ती वर पोहोचवण्यासाठी विलगक ट्रान्सफॉर्मर लागतो.