विंदालूतला आलू कोणता?

हॉटेलच्या मेन्यूवर 'विंदालू' दिसलं की त्यात बटाटा असणारच, असं आपल्यातले बरेच जण धरून चालतात. काही आचारी तर खरंच घालतात! पण हा आलू बटाट्याचा नाही. पोर्तुगीजमध्ये लसणीला 'आल्यु' म्हणतात, आणि 'विन्या द आल्युश' म्हणजे वाइन-व्हिनेगर आणि लसणीत मुरवणं. थोडक्यात, हे नाव मुरवण्याच्या पद्धतीचं आहे. मला ते वाचून माहीत होतं. नीट कळलं गेल्या डिसेंबरात, पोर्तुगालच्या मादेरा बेटावर.

माझी मावशी तिथे फुंशाल शहरात नोकरी करते. तिच्या घरमालकीणबाई मूळच्या बेटावरच्याच, सत्तरी ओलांडलेल्या. आम्ही त्यांना आजीच म्हणायचो. मादेरात नाताळला नुसतं 'फेश्ता' म्हणतात, म्हणजे सण, आणि नाताळच्या सकाळी घरोघरी हेच मांस असतं. आजींनी २२ तारखेलाच मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या बोलायच्या पोर्तुगीज, मावशी मराठीत सांगायची, आणि प्रमाण विचारलं की आजी फक्त हात दाखवायच्या.

दोन किलो पोर्क, थोडी चरबी असलेलं. लिंबाएवढे तुकडे करून आधी मीठ चोळायचं. लसणीचे दोन गड्डे सालासकट ठेचायचे. मग मिरी, एखादी छोटी मिरची, आणि मांस बुडेल इतकी पांढरी वाइन आणि व्हिनेगर, निम्मं निम्मं. भांडं मातीचंच. आंबट आमटी पितळेत कळकते हे आपल्याला ठाऊक आहेच, तोच हिशेब. वर लॉरेलची पानं. ही आपली तमालपत्रं नव्हेत, बरं का. आपल्या पानावर तीन उभ्या शिरा असतात आणि वास दालचिनीकडे झुकतो. लॉरेलला मधे एकच शीर, आणि वास वेगळाच. मादेरात त्या जातीच्या झाडांची जुनी जंगलं आहेत. १९९९ साली युनेस्कोने ती जागतिक वारसा म्हणून नोंदवली.

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मांस खालीवर करायचं, बस्स. २५ तारखेला ते त्याच रसात शिजवलं, मग चरबीत परतलं. उरलेल्या रसात पावाचे काप बुडवून त्याच चरबीत तळले. खरं सांगायचं तर मला मांसापेक्षा ते काप जास्त आवडले.

एवढा खटाटोप कशासाठी? नाताळच्या आधी घरचं डुक्कर कापलं की ते एका दिवसात संपत नसे, आणि फ्रीज नव्हते. मीठ आणि आंबटपणा जंतूंना रोखून धरतात. चव ही नंतरची कमाई.

पद्धत बरोबर नेता येते, सामान मात्र जिथलं तिथलं लागतं. गोव्यात वाइनची जागा माडाच्या सुरेच्या व्हिनेगरने घेतली. पोर्तुगिजांनीच आणलेली अमेरिकेतली मिरची, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी त्याच व्हिनेगरमध्ये वाटली गेली. १८३५ पासून मादेराची माणसं उसाच्या मळ्यांवर कामाला गयानात गेली. तिथे याला 'गार्लिक पोर्क' म्हणतात, आणि तेही नाताळचंच.

म्हणून पाकिटातला मसाला टाकून तासाभरात केलेल्या विंदालूला मी विंदालू म्हणणार नाही, कितीही झणझणीत असो. एक वेळ मिरची कमी चालेल, दिवस कमी करून चालणार नाही. बेळगावला माझी आजी अजून आदल्या रात्री मुरवते, आणि शिजवल्यावरही एक दिवस ठेवून मगच वाढते. आता तिचे हात वाटायला चालत नाहीत, आणि तिचं प्रमाण आमच्या घरात कुणीच लिहून ठेवलेलं नाही. या सुट्टीत वाटायला मी बसणार आहे, वजनकाटा आणि वही घेऊन.

तुम्ही करणार असाल तर लोणच्याची चिनी मातीची बरणी घ्या. आपल्याकडे मादेरासारखी थंडी नाही, तेव्हा बरणी फ्रीजमध्येच ठेवा. आणि व्हिनेगर माडाचंच आणा.